उणे चाळीसातले बिऱ्हाड

उणे चाळीस हा आकडा मोठा गमतीचा आहे. तापमान सेल्सिअसमध्ये सांगा की फॅरनहाइटमध्ये, या एका ठिकाणी दोन्ही मोजपट्ट्या एकाच खुणेवर येतात. एरवी अमेरिकेतली लेक फोनवर ‘आज वीस डिग्री आहे’ म्हणाली की आपण इकडे निश्चिंत होतो, आणि तिकडे मात्र अंगणात बर्फ साचलेला असतो. उणे चाळीसाला असा घोटाळा होत नाही. तिथे थंडी कुठल्याही भाषेत तेवढीच असते. आपल्या ओट्याखालच्या सिलिंडरमधला गॅससुद्धा तिथे बाहेर यायला तयार नसतो.

अशा थंडीत माणसे पत्र्याच्या आणि प्लायवूडच्या, चाकांवरच्या डब्यात सहा-सहा महिने संसार करतात, हे मला कोणी सांगितले असते तर मी ते कादंबरीत घातले नसते. वाचक म्हणाले असते, लेखकाने जरा अतीच केले. पण अमेरिकेच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या नॉर्थ डाकोटा राज्यात मी हे संसार पाहिले. एकदोन नव्हे, रांगांनी पाहिले.

हे डबे म्हणजे ‘ट्रॅव्हल ट्रेलर’. मोटारीच्या मागे जोडून न्यायचे, सुटीत तळ्याकाठी उभे करायचे आणि चार दिवस मजा करून परत आणायचे, यासाठी ते बनवलेले असतात. रुंदी साधारण आठ फूट. आत पलंग, शेगडी, मोरी, संडास सगळे असते, पण भिंत जेमतेम दीड-दोन इंचांची. उन्हाळी सहलीची ती वस्तू. तिच्यात हिवाळा काढणे म्हणजे छत्री घेऊन समुद्रात उतरण्यासारखे आहे.

तेलाच्या गावाला

नॉर्थ डाकोटात पार्शल नावाचे एक लहानसे गाव आहे. १५ फेब्रुवारी १९३६ रोजी तिथे उणे साठ अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे ५१ सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्या राज्याचा तो आजवरचा नीचांक आहे. त्याच वर्षीच्या जुलैत त्याच राज्यातल्या स्टील या गावी १२१ फॅरनहाइट, म्हणजे ४९ सेल्सिअसची नोंद झाली. पाच महिन्यांत शंभर सेल्सिअस अंशांचा फरक! समुद्र फार दूर असला आणि उत्तर ध्रुवाकडून येणारे वारे अडवायला मध्ये एकही डोंगर नसला, म्हणजे हवामान असे टोकाला जाते.

याच पार्शलच्या परिसरात २००६ मध्ये तेलाचा मोठा साठा हाती लागला. जमिनीखाली दोन मैलांवर ‘बाकेन’ नावाचा खडकाचा थर आहे. त्यात तेल आहे हे १९५० च्या दशकापासून ठाऊक होते, पण ते दगडाच्या कणाकणांत अडकलेले. आधी उभे, मग आडवे भोक पाडून आणि पाण्याच्या प्रचंड दाबाने खडक फोडून ते काढायचे तंत्र परवडू लागले, आणि ओसाड गवताळ प्रदेशात एकच झुंबड उडाली. २०१२ मध्ये या राज्याने तेल काढण्यात अलास्काला मागे टाकले. २०१४ मध्ये रोजचे उत्पादन दहा लाख पिंपांवर गेले.

तेल निघाले, पण माणसांना राहायला घरे कुठे होती? विलिस्टन हे तिथले मुख्य गाव. २०१० च्या जनगणनेत त्याची वस्ती होती १४,७१६. २०२० मध्ये ती २९,१६० झाली. मधल्या काळात किती माणसे येऊन राहून गेली, ती तर कुठल्याच जनगणनेत नाहीत. २००८ च्या मंदीने देशभर कामे बुडालेली. सुतार, वेल्डर, ट्रकचालक असे हजारो लोक विलिस्टनला येऊन थडकले. घरभाडी मोठ्या शहरांच्याही वर गेली. कंपन्यांनी कामगारांसाठी बराकी उभ्या केल्या. ज्यांना त्या मिळाल्या नाहीत, ते मोटारीत झोपले, चर्चच्या दिवाणखान्यात झोपले, आणि ज्यांना जमले त्यांनी मागे ट्रेलर जोडून आणला.

२०१४ च्या हिवाळ्यात मी मुलीकडे मिनियापोलिसला होतो. बँकेची नोकरी सोडून मला दोन वर्षे झाली होती. ६ जानेवारीला मिनेसोटाच्या गव्हर्नरांनी थंडीपायी राज्यभरातल्या शाळा बंद ठेवल्या. पावसापायी मिळालेल्या सुट्या आपण सगळ्यांनी उपभोगल्या आहेत. थंडीची सुटी मी पहिल्यांदा पाहिली. फेब्रुवारीत जावयांना कामासाठी विलिस्टनला जायचे होते. ‘‘बाबा, येताय का? पण तिकडे बघण्यासारखं काही नाही हं,’’ ते म्हणाले. बँकेत असताना ज्या गावात बघण्यासारखे काही नाही अशाच गावांत माझ्या बदल्या झाल्या, त्यामुळे मी लगेच हो म्हटले. सेंट पॉलहून रात्रीच्या ‘एम्पायर बिल्डर’ने निघालो. सकाळी खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय दुसरा रंग नव्हता. समोरून काळ्या टाक्यांच्या लांबच लांब मालगाड्या जात होत्या. ते बाकेनचे तेल होते.

परकर नेसवलेला ट्रेलर

जावयांच्या ओळखीचा एक वेल्डर गावाबाहेरच्या ट्रेलर-तळावर बायकोसह राहत होता. इडाहो राज्यातला. पन्नाशी उलटलेले जोडपे. जावई कामावर गेले की माझे दोन दिवस त्या बाईंच्या स्वयंपाकघरात गेले. म्हणजे बैठकीच्या खोलीत, म्हणजेच झोपायच्या खोलीबाहेर चार पावलांवर. ट्रेलर अठ्ठावीस फूट लांब. आठाने गुणा, २२४ चौरस फूट. आपल्या चाळीतल्या खोलीहून थोडा मोठा. बाहेर पारा उणे तिशीच्या आसपास, आणि वारा असा की उघडे बोट काही मिनिटांत बधिर व्हावे.

थंडी वरून येते असे आपल्याला वाटते. बाईंनी मला पहिला धडा दिला तो हा, की ट्रेलरला थंडी खालून मारते. चाकांमुळे जमीन आणि डबा यांच्यात दोन-अडीच फुटांची पोकळी असते. त्यातून वारा सुटला की पाण्याचे नळ, सांडपाण्याच्या टाक्या, पायाखालची फरशी, सगळे गोठते. म्हणून हिवाळ्याआधी ही पोकळी चहूबाजूंनी बंद करतात. तिकडे याला ट्रेलरला ‘स्कर्ट’ घालणे म्हणतात. आपण परकर नेसवणे म्हणू. चांगला परकर थर्माकोलसारख्या फोमच्या जाड तक्त्यांचा आणि प्लायवूडचा. गरिबाचा परकर गवताच्या गठ्ठ्यांचा. पण गवतात उंदीर येतात आणि ठिणगी पडली तर सगळेच जाते. वर बर्फ लोटून ठेवायचा. बर्फ स्वतः थंड असला तरी त्यात हवा कोंडलेली असते, त्यामुळे तो वारा अडवतो आणि गोधडीचे काम करतो.

दुसरा धडा पाण्याचा. बाहेरच्या नळापासून येणारी रबरी नळी विजेच्या तारेने गरम ठेवलेली असते. वीज गेली की तासाभरात पाणी गेले. सांडपाण्याची तोटी उघडी ठेवायची नाही. थेंबथेंब पाणी वाहत राहिले तर नळीतच त्याचा बर्फ साचून बूच बसते. टाकी भरू द्यायची आणि एकदम सोडायची. ओट्याखालून नळ जातात, म्हणून रात्री निजताना कपाटांची दारे उघडी ठेवायची, म्हणजे खोलीतली ऊब आत शिरते. संडासाची टाकी गोठली तर काय होते, हे मी विचारले. रविवारच्या पुरवणीत ते सांगता येणार नाही.

तिसरा धडा विजेचा. त्यांच्या ट्रेलरला तीस अँपिअरची जोडणी होती. तिथे वीज १२० व्होल्टची, म्हणजे सगळे मिळून ३६०० वॉट. विजेची एक शेगडी पंधराशे वॉट खाते. दोन लावल्या की तीन हजार झाले, आणि त्यावर कोणी मायक्रोवेव्ह चालू केला की अंधार. ‘‘कॉफी हवी की ऊब, ते आधी ठरवायचं,’’ बाई म्हणाल्या.

त्यामुळे सगळी मदार गॅसवर. आता गंमत पाहा. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचे थांबते. म्हणून तिकडे तो चालत नाही, निव्वळ प्रोपेन वापरतात. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ सेल्सिअस. म्हणजे उणे तिशीत तो वायू होतो खरा, पण नाइलाजाने. दाब पडतो, भट्टी धापा टाकते. म्हणून सिलिंडरलाच विजेची गरम रजई गुंडाळतात. शिवाय तो पुरतो किती? आपल्याकडे १४ किलोचा सिलिंडर चौघांच्या घराला महिनाभर जातो. जवळपास तेवढाच सिलिंडर त्या थंडीत ट्रेलरची भट्टी दोन दिवसांत संपवते. मध्यरात्री संपला तर उठून, कपड्यांचे पाच थर चढवून, बाहेर जाऊन बदलायचा.

आणि चौथा धडा ओलीचा. हा मला सर्वांत अनपेक्षित होता. बाहेरची हवा कोरडी ठणठणीत, पण आत माणसाचा श्वास, उकळती कॉफी, वाळत घातलेले कपडे, यांची वाफ जाणार कुठे? ती थंड भिंतीवर आणि गादीखाली जाऊन बसते, तिचे पाणी होते, त्याचा बर्फ होतो. सकाळी पांघरूण भिंतीला चिकटलेले असते. काही लोक बिनधुराड्याची गॅसशेगडी आत पेटवतात. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, हे साधे रसायनशास्त्र आहे. त्याशिवाय खिडक्या बंद असल्या तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका. त्या वायूला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. पलंगाशेजारी त्याची धोक्याची घंटा लावलेली होती, आणि बाई दर रविवारी बटण दाबून ती तपासत. ‘‘थंडी समोरून येते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तिच्याशी भांडता येतं. ही दोघं मागून येतात.’’

घर कशाला म्हणायचे?

दुसऱ्या दिवशी मी न राहवून विचारले, की एवढे हाल कशासाठी? बाईंनी खणातून एक पाकीट काढून दाखवले. ते त्यांच्या इडाहोतल्या बँकेचे होते. माझी बोटे अशा पाकिटांना सरावलेली आहेत. न उघडताच मी ओळखले. थकबाकीची सूचना.

त्यांचे तिकडे स्वतःचे घर होते. तीन खोल्या, मागे सफरचंदाची दोन झाडे. कर्ज घेतले तेव्हा नवऱ्याला बांधकामावर भरपूर काम होते. मंदी आली, कामे थांबली, घराची किंमत कर्जाच्या खाली गेली आणि हप्ते थकले. घर लिलावात जाऊ नये म्हणून हा माणूस आठवड्याला सत्तर तास काम करत होता. मी सवयीने कागदावर आकडे मांडले. ट्रेलर उभा करायच्या जागेचे भाडे महिन्याला आठशे डॉलर. गॅसचे साडेचारशेच्या आसपास. त्यावर ट्रेलरचा हप्ता. आणि या सगळ्यांच्या आधी, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, रिकाम्या घराचा हप्ता. ‘‘आम्ही घर सोडलेलं नाही,’’ बाई ठासून म्हणाल्या, ‘‘घरासाठी बाहेर पडलोय.’’

हे वाक्य मी मराठीत ऐकले होते. नोकरीच्या सुरुवातीला बीड जिल्ह्यातल्या एका शाखेत मी तीन वर्षे होतो. दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे कुलुपे लावून ऊस तोडायला निघत. मुकादमाकडून उचल घेतलेली असे; ती कुणी मुलीच्या लग्नात, कुणी घराच्या स्लॅबवर घातलेली. स्लॅबचे घर गावाकडे बंद, आणि माणसे कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या कोपीत, लहान मुलांसकट. दोन्हींची तुलना फार ताणायची नाही. वेल्डरला तासाचे चांगले पैसे मिळत होते, आणि कोयत्याला काय मिळते ते आपण जाणतो. पण घर राखायला घराबाहेर राहणे, ही रीत दोन्हीकडे एकच.

बँकेत मी तेवीस वर्षे घरांवर कर्जे दिली. घर म्हणजे काय, हा प्रश्न मला कधी पडला नाही. सात-बारा, मंजूर नकाशा, मूल्यांकन आणि तारण, झाले घर. त्या ट्रेलरमध्ये बसून मात्र प्रश्न पडला. अमेरिकेच्या आयकर खात्याच्या लेखी, कर्जावरच्या व्याजाची सवलत देताना, झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असली की ट्रेलरसुद्धा घर ठरतो. ट्रेलर बनवणारे मात्र बहुधा पुस्तिकेत छापतात, की ही वस्तू कायम राहण्यासाठी नाही. तशी वापरली तर हमी रद्द. बँक त्यावर कर्ज देते ते वाहन म्हणून, आणि वाहनाची किंमत दुकानाबाहेर काढल्या दिवसापासून उतरते. पालिकेलाही ते घर नकोच असते. विलिस्टन शहराच्या हद्दीत ट्रेलरमध्ये राहण्यावर निर्बंध आले, म्हणून हे तळ गावाबाहेर गेले. एकाच डब्याची ही चार वर्णने. त्यातले कुठलेच त्या बाईंना विचारून केलेले नाही.

ज्वाळा आणि रिकामे सिलिंडर

पण जी गोष्ट मला आजही सुचू देत नाही ती वेगळीच. त्या हिवाळ्यात अमेरिकेच्या मध्यभागात प्रोपेनची टंचाई झाली. २०१३ च्या शरद ऋतूत मक्याचे पीक भरपूर आणि ओले आले; ते वाळवायला शेतकऱ्यांनी प्रचंड गॅस जाळला. कॅनडातून येणारी एक मोठी नळवाहिनी नेमकी दुरुस्तीसाठी बंद होती. त्यावर ही कडाक्याची थंडी. जानेवारीअखेर घरगुती प्रोपेनचा भाव गॅलनला चार डॉलरच्या वर गेला. वर्षापूर्वी तो याच्या निम्म्याहून कमी होता. तळावरची माणसे सिलिंडर हलवून किती उरला त्याचा अंदाज घेत होती.

आणि रात्री तळाच्या दारात उभे राहिले की क्षितिजावर सगळीकडे ज्वाळा दिसत. एक, दोन, दहा, मोजता येऊ नयेत इतक्या. पहिल्या रात्री मला वाटले कुठे आग लागली आहे. जावई म्हणाले, ‘‘बाबा, तो गॅस आहे. तेलाबरोबर वर येतो. तेल ट्रकात भरता येतं, रेल्वेनं नेता येतं. गॅसला नळ लागतो, साफ करायचा कारखाना लागतो. ते अजून झालेलं नाही. म्हणून जाळून टाकतात.’’ त्या सुमाराला राज्यात निघणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास तीस टक्के असा जाळला जात होता. उपग्रहाच्या रात्रीच्या छायाचित्रांत तो ओसाड प्रदेश महानगरासारखा उजळलेला दिसे. या गॅसमध्ये प्रोपेनही भरपूर असतो. म्हणजे ज्याच्यासाठी माणसे पहाटे तीनला उठून उणे तिशीत बाहेर जात होती, तोच त्यांच्या डोळ्यांदेखत मैलोन्‌मैल जळत होता.

यात कोणी खलनायक नव्हता, हे मला बँकेतल्या अनुभवामुळे कळले. तेल काढायची घाई होती, कारण भाडेपट्ट्याची मुदत आणि कर्जाचे व्याज दोन्ही थांबत नाहीत. नळवाहिनीला वेळ लागतो आणि तिचा नफा उशिरा येतो. प्रत्येकाचा हिशेब त्याच्या त्याच्या वहीत बरोबर होता. सगळ्या वह्यांची बेरीज करायला मात्र कोणी बसले नव्हते. त्याच वर्षीच्या जुलैत राज्याने गॅस जाळण्यावर टप्प्याटप्प्याने मर्यादा घातल्या. चुलीजवळच्या माणसाला गारठा सोसावा लागतो तेव्हा चूल चुकीच्या जागी मांडलेली असते, एवढे कळायला कुठल्याही राज्याला वेळ लागतोच.

पुढची हकीकत जावयांकडून कळत गेली. २०१४ च्या उन्हाळ्यात शंभर डॉलरच्या वर असलेले तेल वर्षअखेर निम्म्यावर आले आणि २०१६ च्या सुरुवातीला तीस डॉलरच्याही खाली गेले. कामे बंद पडू लागली. २०१५ च्या वसंतात त्या वेल्डरलाही निरोप मिळाला. तोवर त्याची थकबाकी फिटली होती. शेवटचे दोन हप्ते तर आगाऊ भरलेले होते. दोघांनी परकर सोडवला, फोमचे तक्ते शेजाऱ्याला देऊन टाकले, ट्रेलर गाडीला जोडला आणि इडाहोची वाट धरली. तळावरच्या अनेकांना एवढे साधले नाही. काहींचे ट्रेलर जागच्या जागी गंजत राहिले, कारण ओढून न्यायच्या खर्चाएवढीही त्यांची किंमत उरली नव्हती. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते म्हणतात, पण तेही उतरवून ठेवायला जागा लागते.

जावयांचे त्या जोडप्याशी अजूनही नाताळात फोनवर बोलणे होते. सफरचंदाचे एक झाड मधल्या काळात पाण्याविना वाळले, दुसरे आहे. घर उबदार आहे, भिंती जाड आहेत, नळाला चोवीस तास पाणी आहे. तरी बाई अजून रात्री निजण्यापूर्वी ओट्याखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवतात. नवरा हसतो, पण बंद करत नाही.